मों ब्लांची उलटी प्रदक्षिणा: शेवटचा दिवस आणि ताईचा रोपवे

खिंडीतली

अकरा दिवसांचं सगळं प्रवासवर्णन लिहायचा उत्साह माझ्यात नाही, आणि दहा भाग वाचायचा तुमच्यातही नसणार. म्हणून फक्त शेवटच्या दिवसाबद्दल लिहिते. त्या दिवसावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे आणि मला इथल्या डोंगरवाल्यांचं मत हवंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'टूर दु मों ब्लां' म्हणजे आल्प्समधल्या मों ब्लांच्या (Mont Blanc) डोंगररांगेला पायी घातलेला वेढा. साधारण १७० किलोमीटर, सगळे चढ मिळून जवळजवळ १०,००० मीटर. फ्रान्समधल्या लेझूश गावातून निघायचं, खिंडी ओलांडत इटली, मग स्वित्झर्लंड, मग परत फ्रान्स, आणि शेवटी पुन्हा लेझूश. जायचं ठरलं तेव्हा मी ५४ ची आणि ताई ६१ ची. तिचा नाशिकला अंजनेरीचा रतीब असतो, माझा ठाण्याला येऊरचा. काठ्या दोघींकडे, सॅक पाठीवर, मुक्काम डोंगरातल्या निवाऱ्यांत.

पहिल्याच दिवशी ताईच्या डोक्यात किडा शिरला. बहुतेक सगळे हा वेढा घड्याळाच्या उलट्या दिशेने घालतात. म्हणजे मों ब्लां सतत डाव्या हाताला. "अगं, ही उलटी प्रदक्षिणा झाली! देव उजवीकडे हवा." मी म्हटलं, देव त्यांचा आहे, रीत त्यांची. पण दर खिंडीत पोचल्यावर ती डावीकडे बघून मान हलवायची.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही फ्लेजेरला होतो, १८७७ मीटरवर. समोर दरीपलीकडे अख्खी रांग. निवाऱ्यात बूट घालून आत जायचं नसतं. दाराशी रॅकवर बूट ठेवायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या. त्या सकाळी बूट घालायला वाकले तेव्हा लक्षात आलं, अकरा दिवसांचा वास त्या एका रॅकवर जमला होता आणि त्यातला आमचा कुठला हे ओळखता येत नव्हतं. ताईने डबा उघडून दाखवला. शेंगदाणा-गुळाचा शेवटचा लाडू. "हा ब्रेव्हांला."

ब्रेव्हां हा त्या दिवसाचा माथा, २५२५ मीटर. फ्लेजेर ते प्लांप्रा वाट बरीचशी आडवी जाते. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, रानटी ब्लूबेरीची झुडपं लालभडक झाली होती आणि खाली उरलीसुरली फळं होती. करवंदाच्या जाळीशी जशा बायका थांबतात तशी ताई थांबत होती, जीभ जांभळी. प्लांप्राला पॅराग्लायडरवाले कापड पसरून वाऱ्याची वाट बघत बसलेले. तिथून ब्रेव्हांच्या खिंडीपर्यंत (२३६८ मीटर) खडी चढण. खिंडीनंतर मोठमोठे धोंडे, मध्ये दोन छोट्या लोखंडी शिड्या आणि रेलिंग. रतनगडाच्या शिड्या चढलेल्याला यात काही नाही. ताई माझ्या आधी वर.

आणि वर पोचल्यावर पांढरेशुभ्र बूट घातलेली शंभरेक माणसं. रोपवे थेट माथ्यावर येतो ना! आमच्या अंगाला येणारा वास बघून एका कुटुंबाने कठड्याजवळची जागा सोडली.

ब्रेव्हांवरून मों ब्लां अगदी समोर दिसतो, आणि त्याच्या अंगावरून दरीत लोंबणारी बोसाँ हिमनदी. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान जिनिव्हाला उतरता उतरता या डोंगरावर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा. आमचे बाबा तेव्हा तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात तंत्रज्ञ होते. आई सांगायची, त्या संध्याकाळी बाबा घरी आले, हात धुतले आणि पानावर न बसता तसेच गॅलरीत जाऊन उभे राहिले. ताई तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. अकरा दिवसांत ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. ब्रेव्हांवर तिने विचारलं, "कुठे?" मी माथ्याच्या जरा खाली बोट दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतकं जवळ दिसतं होय." लाडू अर्धा-अर्धा केला. फॉइलमधला चुराही तिने माझ्या तळहातावर झटकला.

आणि मग म्हणाली, "मी इथून रोपवेने जाते. तू ये चालत."

स्वित्झर्लंडमध्ये शिरताना ग्रां कोल फेरेची खिंड (२५३७ मीटर) उतरलो तेव्हापासून तिचा डावा गुडघा कुरकुरत होता, हे मला माहीत होतं. पण शेवटचे तीन तास! मी हुज्जत घातली, सॅक घेते म्हटलं, रडकुंडीला आले. ती म्हणाली, "खाली १५०० मीटर आहे. मला नाशिकला जाऊन जिने उतरायचेत." आणि तिकीट काढायला गेलीसुद्धा.

उतरण मी एकटीने केली. ब्रेव्हांच्या तळ्यावरून बेलाशाच्या निवाऱ्यापर्यंत (२१५२ मीटर) ठीक होतं. पुढे मात्र उजव्या-डाव्या वळणांची वाट जंगलात शिरली की संपतच नाही. कळसूबाई उतरून पायथ्याच्या बारी गावात पोचावं आणि कोणी सांगावं, अजून यातली निम्म्याहून जास्त बाकी आहे, तसं. मुळं, त्यांवर सुया पडलेल्या, त्यांखाली गोटे. दर पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. गाव दिसायच्या बराच आधी ट्रकांचा आवाज वर येतो. ते ट्रक मों ब्लांच्या बोगद्याकडे चाललेले असतात. ११.६ किलोमीटरचा बोगदा, पलीकडे इटलीतलं कुर्मायर. आम्ही तिथे पाचव्या दिवशी पोचलो होतो.

वाटेवरच्या पाट्या किलोमीटर नाही, तास सांगतात. पाटीने तीन-सव्वातीन तास म्हटलं होतं. मला साडेचार लागले. आणि खाली आल्यावर आधी येतं रेल्वे स्टेशन. गाव आर्व नदीच्या पलीकडे आणि परत थोडं वर! त्या शेवटच्या चढावर मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

गावात एक लाकडी कमान आहे, तिथून हा वेढा सुरू होतो. ताई तिच्याजवळच्या बाकावर, पायात सॅंडल, मांडीवर पीचच्या बिया. रोपवेने शामोनी, तिथून छोट्या गाडीने लेझूश, सगळं तासाभरात आटोपून ती केव्हाची बसली होती. मी म्हटलं, चल, दोघी मिळून कमानीखालून जाऊ. तर म्हणाली, "तू जा. मी फोटो काढते."

फोटोत मी एकटी आहे. भावाचं म्हणणं, ताईची परिक्रमा अपूर्ण राहिली. माझं म्हणणं, तिने १७० पैकी दहाही किलोमीटर सोडले नाहीत, नसते फाटे फोडू नका. ताईचं म्हणणं, भांडा तुम्ही. तुम्हाला काय वाटतं?

---

घसारा_प्रेमी

शेवटचा परिच्छेद वाचून गलबललो. पण मत विचारलंत म्हणून सांगतो. अपूर्ण. वेढा म्हणजे वेढा, सांधा जुळला पाहिजे. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः दोनदा मदनगडाच्या कड्याखालून परत आलोय, आणि 'अलंग-मदन-कुलंग केलं' असं कुठे लिहीत नाही.

दमलेला_गडी

@घसारा_प्रेमी, मदन अर्धवट सोडणं आणि गुडघ्यासाठी उतरण सोडणं यात फरक आहे राव. चढ सगळे चढून झाले होते ना? दमछाक चढात असते.

गुडघे_आणि_मी

दमलेला_गडी, इथेच लोक फसतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दम चढताना लागतो, मोडतोड उतरताना होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, ब्रेक लावल्यासारखे. चढताना आखडत काम करतात, ते स्नायूला मानवतं. म्हणून उतरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. अकरा दिवस वापरलेल्या मांड्यांवर एका दमात १५०० मीटर म्हणजे थकलेल्या ब्रेकवर घाट. स्नायू थकले की झटका थेट गुडघ्यात.

ताईंनी शंभर टक्के बरोबर केलं. ज्यांना पायी उतरायचंच आहे त्यांच्यासाठी: काठ्या उतारावर पाच-दहा सेंटीमीटर वाढवा. पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका. ट्रेकला निघायच्या दोन-तीन दिवस आधी नखं कापा. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधून टाच मागे दाबून बसवा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. आणि सराव फक्त चढायचा करू नका. सिंहगड चढून जीपने खाली येणारे माझे अर्धे पेशंट आहेत.

खिंडीतली

नाडीचं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर! दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली. डावं दिवाळीत पडलं.

वरण_भात_तूप

फोटो टाका ना. आणि खर्च?

रोनकाठी

मी ग्रेनोबलला असतो, म्हणून जरा आगाऊपणा करतो. धागाकर्तीने नावं बरोबर लिहिलीत याचं कौतुक. आमच्याकडे आलेला प्रत्येक भारतीय पाहुणा 'लेस हाउचेस' आणि 'प्लानप्राझ' म्हणतो. त्या भागात शेवटचे झ आणि क्स गिळायचे असतात, शामोनी, शांपे वगैरे.

बोसाँ हिमनदीबद्दल थोडी भर. हिमनदी ही खरोखरच नदी आहे, फक्त फार सावकाश वाहणारी. वर पडलेलं पोटात घेते आणि काही दशकांनी खाली आणून टाकते. १८२० साली मों ब्लां चढताना हिमकडा कोसळून तीन वाटाडे एका भेगेत गेले. पुढे जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने बर्फाच्या वेगावरून हिशेब मांडला, की ते साधारण चाळीस वर्षांनी खाली निघतील. १८६१ मध्ये निघाले.

'कांचनजंगा'चंही तेच झालं. २०१२ मध्ये त्यातली राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी मिळाली, ती त्याने पोलिसांना नेऊन दिली. आणि २०२० च्या उन्हाळ्यात हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्याला भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. मथळा इंदिरा गांधींच्या निवडीचा. अपघात झाला त्याच दिवशी त्यांचा शपथविधी होता. ते अंक ओले होते, पण वाचता येत होते. त्याच डोंगरावर त्याआधी, ३ नोव्हेंबर १९५० ला, एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं, त्यात ४८ जण गेले. तेही मुंबईहून निघून जिनिव्हाकडे येत होतं. त्यामुळे खाली सापडणारा तुकडा कुठल्या विमानाचा, हाही तिथे प्रश्न असतो.

भूगोल_मास्तर

छान माहिती. पण कोणीच मों ब्लांची उंची लिहिली नाही, म्हणून मी. आम्ही शाळेत ४८०७ मीटर शिकवत आलो. २०२१ च्या मोजणीत ४८०७.८१ आली आणि २०२३ मध्ये ४८०५.५९. वरची टोपी बर्फाची आहे, वारा आणि पाऊसमान तिला जाडबारीक करतं. खडकाचा माथा त्याखाली गाडलेला आहे.

खिंडीतली

रोनकाठी, वर्तमानपत्रांचं मला माहीत होतं, फोर्ब्सचं नव्हतं. दोन्ही प्रतिसाद ताईला फोनवर वाचून दाखवले. वर्तमानपत्रांपाशी म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग विषय बदलून शेजारच्यांच्या मांजराबद्दल बोलली.

वरण_भात_तूप, निवाऱ्यात सामायिक खोलीतला पलंग, रात्रीचं जेवण आणि न्याहारी मिळून माणशी ६० ते ७० युरो पडले, स्वित्झर्लंडमध्ये त्याहून जास्त. बुकिंग हिवाळ्यातच उरकावं लागतं. एका ठिकाणी आमचं आरक्षण त्यांच्या वहीत नव्हतंच, ईमेल दाखवल्यावर जेवणघरात गाद्या टाकून दिल्या. शाकाहारी आहे असं आधी कळवलं तर सोय करतात: मसूर, पोलेंटा, ऑम्लेट, आणि चीज, चीज, चीज. अकराव्या दिवशी मला स्वप्नात पिठलं दिसलं. फोटो टाकत नाही, ताईची परवानगी नाही.

कोकणकड्यावरून

एवढे युरो खर्चून, विमानाने धूर सोडत जाऊन शेवटी तुलना कळसूबाईशीच. मग कळसूबाईलाच जा की.

खिंडीतली

जातेच की. दर पावसाळ्यात. तुम्ही या, चहा पाजते बारीत.

नर्मदे_हर

मी नर्मदा परिक्रमा पायी केली आहे, म्हणून या वादात पडतो. तिथे नियम दोनच मोठे: मैया उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. बाकी कोणी पायी करतं, कोणी बसने, आणि आश्रमात दोघांना एकच सदावर्त मिळतं. मात्र एक आहे, पायी करणारा जिथे सोडतो तिथूनच पुन्हा उचलतो. खंड परिक्रमा म्हणतात. आजारपण, घरचं कार्य, पाऊस, काहीही कारण असो. सोडलेल्या घाटावर परत यायचं आणि तिथून पुढे. तेव्हा ताईंची परिक्रमा मोडली नाही, खंडित आहे. ब्रेव्हांला थांबली आहे.

घसारा_प्रेमी

@नर्मदे_हर हे पटलं. माझा 'अपूर्ण' मागे घेतो, 'खंडित' करतो. माझं मदनही खंडितच म्हणा मग.

दमलेला_गडी

+१. पण मग ब्रेव्हांपर्यंत रोपवेने जायचं आणि तिथून पुन्हा तीच गुडघेफोड उतरण? फिजिओताई ओरडतील.

गुडघे_आणि_मी

ओरडणारच. पण ती वाट उतरलीच पाहिजे असं कोणी सांगितलं? लेझूशहून ब्रेव्हांपर्यंत चढून जावं, आणि खाली रोपवेने. चढ गुडघ्याला चालतो, ताईंनी तर अकरा दिवस चढून दाखवलंय. आधी तीन-चार महिने मांड्या मजबूत करायच्या, एवढीच अट.

रोनकाठी

आणि उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, पूर्ण वेढा घालणारेही असतात. थोडे असतात, पण असतात. त्यांचा पहिला दिवस म्हणजे लेझूशहून ब्रेव्हांची हीच चढण. म्हणून तर बहुतेक जण त्या दिशेने जात नाहीत, पहिल्याच दिवशी १५०० मीटर कोणाला हवेत!

भूगोल_मास्तर

थांबा. घड्याळाच्या दिशेने गेलं तर मों ब्लां उजव्या हाताला येतो ना?

रोनकाठी

येतो की.

वरण_भात_तूप

😂😂 वाचनखूण साठवली.

खिंडीतली

दोन दिवस गावाला होते, आता सगळं वाचलं. रविवारी भाऊ घरी आला होता, ताईला स्पीकरवर घेतलं आणि नर्मदे_हर यांच्यापासून खालचे सगळे प्रतिसाद ओळीने वाचले. 'खंडित' शब्द भावालाही पटला, त्यामुळे आमचं भांडण मिटलं. कमानीखालून का गेली नाहीस, असं मी पहिल्यांदाच सरळ विचारलं. म्हणाली, "तुझे पाय किती थरथरत होते ते तुला दिसत नव्हतं. तिथे माझं काय काम."

रोनकाठींचा प्रतिसाद वाचल्यावर मात्र पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, "त्या चढणीला पाणी कुठे मिळतं?" मी म्हटलं, बेलाशापर्यंत धरून चालू नकोस, खालूनच दोन लिटर घ्यायचं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

आज सकाळी मेसेज आलाय. तिच्या काठ्यांची रबरी टोपणं माझ्या सॅकमध्ये राहिली आहेत, ती कुरियरने पाठव म्हणते.